विशेष गरजांच्या मुलाची योजना आणि त्याचे पालक
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



विशेष गरजा असणाऱ्या मुलासाठी शाळेत जी वैयक्तिक शैक्षणिक योजना तयार होते, तिच्या कागदाच्या अखेरीस पालकांच्या सहीसाठी एक रेघ ओढलेली असते. ती रेघ पुष्कळदा कशी भरली जाते, हे खेड्यातील शिक्षकांस सांगावयास नको. योजना आधीच लिहून झालेली असते. मग मुलाबरोबर घरी निरोप जातो. आई खुरपणीच्या कामावरून मध्येच उठून शाळेत येते, दाराशी उभी राहते, दाखविलेल्या जागी सही करते किंवा अंगठा उमटविते आणि "बरं, गुरुजी" म्हणून परत जाते. कागद पूर्ण होतो. परंतु त्यात काय लिहिले आहे हे तिला कळलेले नसते, आणि तिला जे ठाऊक आहे ते त्यात आलेले नसते. या दोन उणिवांपैकी पहिली सर्वांच्या ध्यानात येते. दुसरी सहसा येत नाही. वास्तविक, मुलाचे अधिक नुकसान दुसरीनेच होते.

वैयक्तिक शैक्षणिक योजना म्हणजे मोठे अवघड शास्त्र नव्हे. मूल आज कोठे आहे, वर्षअखेरीस त्याला कोठवर न्यावयाचे आहे, त्यासाठी कोणी काय करावयाचे आहे आणि ते साधले की नाही हे कशावरून ओळखावयाचे आहे, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे म्हणजे ही योजना. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा या योजनेत समावेशित शिक्षणाचा स्वतंत्र भाग आहे. त्यातील विशेष शिक्षक व गटसाधन केंद्रातील विषयतज्ज्ञ या कामी वर्गशिक्षकास साहाय्य करतात. परंतु त्यांच्याकडे अनेक शाळा असतात. एका मुलाच्या वाट्यास त्यांचे मोजकेच तास येतात. वर्गशिक्षक मुलाला दिवसाचे पाच-सहा तास पाहतो, तेही इतर मुलांच्या घोळक्यात. उरलेले सर्व तास आणि जन्मापासूनची सर्व वर्षे ज्यांनी पाहिली आहेत, ते घरचे लोकच असतात. तेव्हा चार प्रश्नांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना वगळून देणे म्हणजे शेताच्या मालकास न विचारता त्याच्या जमिनीचा कस सांगण्यासारखे आहे.

एक उदाहरण कल्पून पाहावे. तिसरीतील एका मुलीस कमी ऐकू येते. तिला श्रवणयंत्र मिळालेले आहे, परंतु ते ती वापरीत नाही. वर्षभर नोंदवहीत शेरा पडत राहतो की पालक निष्काळजी आहेत. एके दिवशी शिक्षक आईला समोर बसवून विचारतात, तेव्हा ती म्हणते, "कानात घातलं की शिट्टी वाजते, गुरुजी. पोरं हसतात. मग ती काढून दप्तरात टाकते." मूल वाढते तसा त्याचा कानही वाढतो, कानात बसणारा यंत्राचा साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी घालू लागते. दोष आईच्या काळजीचा नव्हता, जुन्या झालेल्या साच्याचा होता. तीच आई पुढे सांगते की, मुलीला डाव्या बाजूने हाक मारली तर कळते, आणि रात्री दिव्याचा उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर असला तर ती पुष्कळ समजून घेते. एवढ्या बोलण्यातून योजनेची तीन कलमे तयार झाली. साचा नवा करवून घ्यावयाचा. वर्ग तिच्या डाव्या हाताला राहील अशी जागा तिला पुढे द्यावयाची. आणि शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बोलावयाचे नाही. यांपैकी एकही कलम तालुक्याहून आलेल्या छापील तक्त्यात सापडले नसते.

दुसरा एक मुलगा चौथीत आहे. बौद्धिक दिव्यांगत्वामुळे त्याला अंक लिहिता येत नाहीत, आणि त्याच्या योजनेत "१ ते २० अंक ओळखणे" हे उद्दिष्ट तीन वर्षे तसेच उतरविले जात आहे. त्याची आजी सांगते, "आकडं लिवता येत न्हाईत त्याला, पण डेअरीत दूध घालायला त्योच जातो. माप कमी भरलं तर घरी येऊन सांगतो." याचा अर्थ त्याला मापाची जाण आहे; ती शाळेच्या फळ्यावर कोणी पाहिली नव्हती, एवढेच. त्याचे गणित आता लिटरच्या मापापासून सुरू व्हावयास पाहिजे. आजी आणखी एक गोष्ट सांगते. झटक्यांची गोळी घेतल्यावर तो सकाळभर पेंगतो. दुपारनंतर तरतरीत होतो. गोळीच्या वेळेविषयी निर्णय वैद्याचाच असला पाहिजे, आणि तो विचारण्यास शिक्षकाने घरच्यांना सुचवावे. परंतु अवघड पाठ दुपारी ठेवणे हे तर शिक्षकाच्याच हाती आहे. सकाळच्या परीक्षेत पेंगणाऱ्या मुलास "काहीच येत नाही" असे लिहिणे हा त्याच्यावर होणारा अन्याय आहे. आणि असे शेरे साचत गेले म्हणजे एके दिवशी घरचे लोकही त्याला शाळेत धाडणे थांबवितात.

पालकांचे ऐकणे हा केवळ शिक्षकाच्या भलेपणाचा प्रश्न नाही. अशा मुलांच्या शिक्षणाची दारे जगात ठिकठिकाणी पालकांनीच ठोठावून उघडविलेली आहेत. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात पाच वर्षांचे मानसिक वय न गाठलेल्या मुलास शाळा नाकारण्याची मुभा एके काळी कायद्यानेच दिलेली होती. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांच्या संघटनेने १९७१ साली त्याविरुद्ध न्यायालयात दावा लावला, आणि १९७२ पर्यंत राज्यास अशा मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी मान्य करावी लागली. पुढे २९ नोव्हेंबर १९७५ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सर्व दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. प्रत्येक मुलासाठी लेखी योजना आणि ती ठरविणाऱ्या सभेत पालकांचे स्थान, ही दोन्ही तत्त्वे त्या देशात या कायद्याने पक्की झाली. तेथे सभेची सूचना पालकांना येता येईल इतकी आधी द्यावी लागते. वेळ व जागा दोघांच्या सोयीने ठरवावी लागते. पालकांची भाषा निराळी असेल तर दुभाषा द्यावा लागतो. विशेष शिक्षण प्रथम सुरू करण्यापूर्वी त्यांची लेखी संमती घ्यावी लागते. आणि योजनेची प्रत त्यांना विनामूल्य द्यावी लागते.

महाराष्ट्रातही याचे उदाहरण आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीस योग्य शाळा मिळेना, तेव्हा मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत अशा मुलांसाठी शिक्षणकेंद्र उभे केले आणि त्यातून स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था वाढली. त्यांची कन्या मालिनी चिब यांनी पुढे मुंबईत पदवी घेतली, लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि आत्मचरित्र लिहिले. खेड्यातील प्रत्येक आईने संस्था काढावी अशी अपेक्षा कोणीच करणार नाही. तिची अपेक्षाही फार लहान असते. तिच्या मुलाविषयी निर्णय घेताना तिला कोणी विचारावे, एवढीच ती असते.

भारतातील कायद्यांनी अमेरिकेप्रमाणे या सभेची प्रत्येक पायरी आखून दिलेली नाही. तथापि पालकांचे स्थान पुरेसे स्पष्ट केले आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क कायद्यातील कलम २४ शिक्षकांची कर्तव्ये सांगते. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून जरूर ते अधिक अध्यापन करणे हे त्यांतील एक कर्तव्य आहे. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना कळविणे हे दुसरे आहे. म्हणजे ज्या आईस मुलाची प्रगती समजावून सांगितली जाते, तिच्यावर उपकार होत नाही. तिचे देणे तिला पोचते होते.

त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित गटातील मुलांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा समावेश या वंचित गटात झाला. शाळेचा विकास आराखडा याच समितीने तयार करावयाचा असतो. पायरीशेजारी उतार हवा, शौचालयात धरावयास दांडी हवी, या गोष्टी त्या आराखड्यात कोणी आणाव्यात? ज्या आईला मुलाला कडेवर घेऊन त्या पायऱ्या चढाव्या लागतात, ती समितीत असेल तर त्या आपोआप येतील.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. या कायद्यात ते एकवीस झाले आणि वाचन-लेखन-गणितातील विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता हेही त्यांत आले. कलम १६ प्रमाणे शाळेने अशा मुलास भेदभाव न करता प्रवेश द्यावयाचा, त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावयाची, जरूर ते वैयक्तिक साहाय्य द्यावयाचे, अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखावयाची आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावयाचे आहे. कलम ३१ प्रमाणे ज्याचे दिव्यांगत्व किमान ४० टक्के आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. ४० टक्क्यांची अट कलम ३१ मधील हक्कास आहे; कलम १६ मधील शाळेच्या कर्तव्यांस ती लावलेली नाही. "आधी प्रमाणपत्र आणा, मग पाहू" असे सांगून आईस परत धाडणे म्हणूनच रास्त नव्हे. प्रमाणपत्र मिळविण्यास तिला साहाय्य करावे, आणि मुलाला पुढच्या ओळीत बसविण्याचे काम त्याच दिवशी करावे.

बहुविध किंवा तीव्र दिव्यांगत्व असणाऱ्या मुलास घरी राहून शिकण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने मिळाला आहे. हा पर्याय मूल आणि पालक यांचा आहे, शाळेचा नाही. ज्या मुलाला सांभाळणे जड जाते त्याच्या आईस "घरीच ठेवा, आम्ही येऊन शिकवू" असे सुचविणे आणि मग महिनोन् महिने न जाणे, यात कायद्याचा शब्द राहतो आणि मूल मात्र जाते. हा पर्याय पुढे करण्यापूर्वी शाळेत येण्यासाठी काय काय करता येईल, हे पालकांपुढे मांडलेच पाहिजे.

पालक म्हणजे कोण, हाही प्रश्न खेड्यात महत्त्वाचा आहे. पुष्कळ घरांतून आईबाप कामासाठी परगावी असतात आणि मूल आजीजवळ किंवा मामाकडे वाढते. शिक्षण हक्क कायद्याने ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ व ताबा आहे, त्यासही पालक म्हणून मानले आहे. तेव्हा "आईबापांपैकी कोणीतरी आले पाहिजे" म्हणून आजीस परतविणे चुकीचे होय. दूध घालणाऱ्या नातवाची हकीकत तिलाच ठाऊक होती, हे विसरता कामा नये.

आता सभा कशी घ्यावी याचा विचार करू जाता प्रथम वेळ येते. मजुरी बुडवून आलेल्या माणसाचे चित्त सभेत राहत नाही. संध्याकाळ, बाजारचा दिवस किंवा गावात कामाची सुटी असेल तो दिवस, यांपैकी कोणता बरा ते पालकांसच विचारावे. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतील ऊसतोडणीची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्या मुलांची योजना पहिल्या सत्रातच व्हावयास पाहिजे आणि तिची एक प्रत त्यांच्याबरोबर गेली पाहिजे. म्हणजे कारखान्याच्या परिसरातील शाळेत मूल गेले तर तेथील शिक्षकास ते कोरे वाटणार नाही.

दुसरी गोष्ट बसण्याची. आईला दाराशी उभे ठेवून आणि चार कर्मचारी खुर्च्यांवर बसून जे संभाषण होते, ते संभाषण नव्हे, चौकशी होय. तिला बरोबरीने बसवावे. इतर पालकांदेखत मुलाच्या आजाराची चर्चा करू नये. पहिला प्रश्न "याला काय येत नाही?" हा नसावा, "घरी हा काय काय करतो?" हा असावा. तिने सांगितलेले शक्य तर तिच्याच शब्दांत टिपून घ्यावे. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे पावरी, तांड्यावर गोरमाटी बोलणारी आई असेल, तर तिची बोली जाणणारे शेजारचे कोणी, तिला चालत असेल तर, बरोबर घ्यावे. योजनेत दोन किंवा तीनच उद्दिष्टे असावीत. ती मोठ्याने वाचून दाखवावीत. "कळले का?" असे विचारल्यास उत्तर "हो" असेच येते, त्यापेक्षा "आता घरी गेल्यावर मालकांना काय सांगाल?" असे विचारावे. ती जे सांगेल त्यावरून तिला किती पोचले ते कळेल. मग सही घ्यावी, प्रत द्यावी आणि पुढील भेटीची तारीख तेथेच ठरवावी.

पालकांस हक्क आहेत तशी कामेही आहेत. सहा वर्षांवरील मुलास शाळेत घालणे हे कायद्याच्या कलम १० प्रमाणे त्यांचे कर्तव्य आहे. मुलाचे दुखणे न लपविणे, औषध व यंत्र यांची काळजी घेणे, सभेस येणे, आणि ठरलेले एखादे काम घरी करून घेणे, हे त्यांच्याकडून मागावे. परंतु आईला दुसरी शिक्षिका बनवू नये. दिवसभर राबून आलेल्या बाईच्या हाती तक्ते आणि कार्डे दिली तर ती चार दिवसांनी फडताळात जातील. भाकऱ्या करताना मुलाकडून त्या मोजून घेणे, न्हाऊ घालताना अवयवांची नावे वदवून घेणे, हे तिला जमेल आणि त्याने शिक्षणही होईल.

पालकांचे म्हणणे नेहमीच बरोबर असते, असेही नाही. "मुलीला शिकून काय करायचंय, तीही अशी," असे म्हणणारे बाप आहेत. लाजेने मूल पाहुण्यांसमोर न आणणारी घरे आहेत. मायेपोटी दहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या हाताने जेवू न देणाऱ्या आयाही आहेत. अशा वेळी शिक्षकाने आदर राखून, परंतु स्पष्टपणे मुलाची बाजू मांडावी. हक्क अखेर मुलाचा आहे. पालक आणि शिक्षक दोघेही त्याचे विश्वस्त आहेत. २०१६ च्या कायद्याच्या कलम ४ ने दिव्यांग मुलास स्वतःशी संबंध असणाऱ्या गोष्टींत आपले मत सांगण्याचा हक्क दिला आहे. म्हणून योजनेच्या सभेत मूलही असावे. त्याला कोणाशेजारी बसावयाचे आहे, कशाची भीती वाटते, काय आवडते, हे त्याने बोलून, खुणेने किंवा चित्रावर बोट ठेवून सांगितले तरी ते उत्तरच होय.

आणि शाळा व पालक यांचे जमले नाही तर? पालकांचा असहमतीचा शब्द योजनेवर जसाच्या तसा नोंदवावा. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी ही वाट त्यांना दाखवावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे कोणासही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. संबंधितांचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांत तिचा निकाल व्हावा अशी त्यात तरतूद आहे. दिव्यांग व्यक्तींसाठी राज्य आयुक्तांकडेही दाद मागता येते. आपल्याच शाळेविरुद्ध तक्रार कोठे करावी, हे ज्या शिक्षकाने आईला मोकळेपणाने सांगितले, त्या शिक्षकावर ती आई पुढे सहसा तक्रार करणार नाही. कारण तिला जे हवे असते ते तिला तेथेच मिळालेले असते: आपल्या मुलाकडे लक्ष आहे, हा विश्वास.

शिक्षकांवर कामांचा भार थोडा नाही, हे कोणीही नाकारणार नाही. माहिती भरणे, अहवाल, सर्वेक्षणे यांतून वेळ काढावा लागतो. परंतु ही सभा कामात भर घालीत नाही. ती काम कमी करते. ज्या मुलीला वर्षभर मागे बसवून ओरडून शिकविले, तिला योग्य जागी बसविल्यावर ओरडावे लागत नाही. ज्या मुलाला तीन वर्षे तेच अंक गिरवावयास लावले, त्याला मापाच्या भांड्यापासून सुरुवात केल्यावर चौथ्या वर्षी तेच गिरवावे लागत नाहीत. अर्ध्या तासाच्या बोलण्याने वर्षाचे श्रम वाचतात.

तेव्हा बंधुभगिनींनो, प्रत्येक शाळेने दिवाळीच्या सुटीपूर्वी आपल्या वर्गातील अशा मुलांच्या योजना काढून एकदा पाहाव्यात, आणि प्रत्येक कागदावर एकच गोष्ट शोधावी: यात असे काय लिहिलेले आहे की जे फक्त घरच्यांनाच ठाऊक असू शकेल? तसे एकही वाक्य नसेल, तर सही असूनही तो कागद अपुरा आहे असे समजावे आणि त्या आईला, बापाला किंवा आजीला पुन्हा बोलवावे. या वेळी निरोप सहीचा नसावा. "तुमच्याकडून काही समजून घ्यायचे आहे," असा असावा.